पत्र सिन्नरला, गाडी ओतूरला

२०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही जुनी पिकअप घेतली. घरचा चार एकर टोमॅटो, शेजारच्या दोघा-तिघांचा माल, आणि दर तोड्याला भाड्याच्या गाडीची वाट बघत बसायचं. गाडी उशिरा आली की तोडलेला माल बांधावर तापतो आणि बाजारात भाव पडलेला असतो. असं दोन हंगाम काढल्यावर थोरल्या भावानं सांगितलं, आता आपलीच गाडी बघ.

नवी घ्यायची ऐपत नव्हती. जुन्यातही मी मुद्दाम २०१९ ची शोधत होतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या जास्त कडक नियमातल्या गाड्या आल्या आणि त्यांना सेन्सर भरपूर. गावच्या मिस्त्रीला त्यात हात घालता येत नाही, दिवा लागला की शोरूमला न्या. त्याआधीच्या नियमातली बीएस-४ गाडी आमच्या ओतूरला दुरुस्त होते, आळेफाट्याला होते, रात्री मुरबाडलाही कुणीतरी उठून करून देतो. आमच्याकडे अशा गाड्यांना मागणी आहे ती याच कारणानं.

गाडी संगमनेरला एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे मिळाली. पहिला मालक सिन्नरचा. बघायला जाताना आमचे मिस्त्री बरोबर नेले. त्यांना सगळा गाव मामाच म्हणतो. मामांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, हात धरला, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे झिजलेलं इंजिन झाकणातून मारतं तो झोत, नव्हतं. धूर बघितला. खाली झोपून चॅसिसला कुठं वेल्डिंग आहे का, पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेत का, हाउसिंग गळतं का ते टॉर्चनं पाहिलं. मीटरवर ७४ हजार किलोमीटर होते. मामांनी क्लचच्या पायडलवरचं रबर बोटानं दाबून दाखवलं. डावीकडची कड पार झिजून आतलं लोखंड चमकत होतं.

"दादा, मीटरवर जाऊ नका, पायडलवर जा," मामा म्हणाले. "गाडी लाखाच्या वर फिरलेली आहे."

त्यावर डीलरनं वीस हजार कमी केले. ५ लाख ६० हजारांना सौदा झाला. फॉर्म २९, फॉर्म ३०, बँकेचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, नाशिकच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, हे सगळं होऊन आरसीवर माझं नाव यायला फेब्रुवारी उजाडला. एम परिवहन ॲपवर गाडीचा फिटनेस, विमा, कितवा मालक आहे ते तपासलं. दंड बाकी आहे का तेही बघितलं. कंपनीनं ही गाडी कधी रिकॉल केली आहे का, म्हणजे कारखान्यातला दोष फुकट दुरुस्त करायला परत बोलावली आहे का, हे मात्र मी विचारलं नाही. मामांनी नाही, डीलरनंही काही सांगितलं नाही. आमच्याकडे जुनी गाडी घेताना हा प्रश्न विचारायची रीतच नाही.

पहिल्या सहा महिन्यांत गाडीनं खर्च करायला लावला. क्लच प्लेट गेली, प्रेशर प्लेटसकट बदलली. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस खडखडायला लागला, तो बदलला. मागचा मेन पाटा एका रात्री आळेफाट्याच्या अलीकडे तुटला. मला यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. टोमॅटोचं कॅरेट वीस किलोचं. पंच्याहत्तर कॅरेट भरले की मालच दीड टन होतो, वर रिकाम्या कॅरेटचं वजन वेगळं. आधीच्या मालकानं शंभराच्या वर कॅरेट भरले असणार, हे मागच्या पाट्यांच्या बसक्या कमानीवरून दिसतच होतं. असली गाडी घेतली की झीज आपल्याच पदरात येते. ती माहीत असते, तिचा खर्च धरलेला असतो, आणि तिचा आवाज आधी येतो. क्रॉस खडखडतो, क्लच वास मारतो, पाटा करकरतो.

ब्रेकचं तसं झालं नाही.

जुलै २०२४. रात्री दहाला माल भरून कल्याणच्या मार्केटला निघालो, बरोबर पुतण्या होता. ओतूर सोडलं, मढ गेलं, पिंपळगाव जोग्याच्या पाण्यावरनं गार वारा येत होता. माळशेजच्या माथ्यावर धुकं इतकं, की पुढच्या गाडीचा लाल दिवाच काय तो दिसायचा. घाट उतरताना मी तिसऱ्या गिअरवर होतो. बोगदा मागे पडला, पुढं वळण आलं म्हणून ब्रेकवर पाय ठेवला, तर पायडल खाली जाईना. ब्रेक फेल झाल्यावर पाय भसकन खाली जातो असं मी ऐकलं होतं. इथं उलटं होतं. पायाखाली दगड ठेवल्यासारखं पायडल कडक झालं होतं. मी सीटवरून अर्धा उठून दोन्ही पायांनी दाबलं तेव्हा गाडी थोडी धरली. दुसऱ्यावर टाकली, मग पहिल्यावर. इंजिन ओरडायला लागलं. हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीला लावली. डावं चाक गटारीत उतरलं आणि गाडी थांबली.

पुतण्या काही बोलला नाही. खाली उतरून त्यानं मागच्या चाकाला दगड लावला आणि परत येऊन माझा हात धरून उभा राहिला. बारावी झालेला पोरगा. त्याच्या हाताला कापरं भरलं होतं ते मला अजून आठवतं. त्याच्या आईला काय सांगितलं असतं, हा विचार त्या रात्री पहाटेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

पंधरा मिनिटांनी पायडल आपोआप मऊ झालं. इंजिन चालू, पाय ठेवला, नेहमीसारखा ब्रेक. आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरलो, टोकावडे, सरळगाव करत कल्याणला पोचलो, माल उतरवला. दोष असा येऊन-जाऊन होता, पुढचे तीन महिने सापडला नाही तो त्यामुळेच.

मामांनी आधी मागच्या चाकांचे ब्रेक लायनर आणि ते ज्यावर घासतात ते ड्रम बघितले. लायनर झिजलेले होते, बदलले, ड्रमला टर्निंग मारलं, हवा काढली. ४,२०० रुपये. आठ दिवस गाडी चांगली चालली. मग ओतूरच्या स्टँडपाशी पायडल पुन्हा कडक झालं. पायडलचा जोर ब्रेक ऑइलमधून चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर बदलला, ३,६०० रुपये. सप्टेंबरात कल्याणला शिरताना शहाडच्या पुलाच्या उतारावर तिसऱ्यांदा झालं. पुढच्या टेम्पोच्या बंपरला गाडी टेकली. वेग नव्हता म्हणून निभावलं, जागच्या जागी तीन हजार देऊन मिटवलं. मामा म्हणाले, आता बूस्टरच. नवा बूस्टर परवडत नव्हता, मोडीतल्या गाडीचा आणला, ५,५०० रुपये. मजुरी सगळी मिळून अडीच हजार. म्हणजे १५ हजार ८०० रुपये खर्चून दोष होता तिथंच राहिला.

मामांचा यात दोष नाही. गॅरेजला गाडी गेली की पायडल मऊ असायचं. डिझेल गाडीच्या ब्रेकचं काम कसं चालतं ते मला त्या तीन महिन्यांत त्यांच्याच तोंडून कळलं. पेट्रोल इंजिन हवा ओढताना स्वतःच व्हॅक्यूम तयार करतं. डिझेलला तसा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून इंजिनवर चालणारा वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. त्या पंपापासून बूस्टरपर्यंत एक पाइप जातो. बूस्टर त्या व्हॅक्यूमच्या जोरावर आपल्या पायाचा जोर वाढवतो. व्हॅक्यूम गेला तर ब्रेक संपत नाही, पण सगळा जोर आपल्या एकट्या पायाला लावावा लागतो. दीड टन माल भरून घाटात असाल, तर त्या पायाला किती जोर लागतो हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

तपासायची एक साधी रीत आहे, ती मी आता दर आठवड्याला करतो. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, पायडल कडक होतं. मग पाय तसाच दाबून धरायचा आणि गाडी चालू करायची. इंजिन लागलं की पायडल बोटभर खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर व्हॅक्यूम पोचत नाही. मामांनी हे केलं होतं. त्यांच्या समोर ते दर वेळी खाली गेलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कल्याणच्या मार्केटमध्ये पहाटे माल उतरत होता. शेजारी तशीच पिकअप, त्याच कंपनीची, त्याच सालची. ड्रायव्हर टाकळी ढोकेश्वरचे, वयानं मोठे. चहा पिताना मी ब्रेकचं रडगाणं सांगत होतो. त्यांनी पेला खाली ठेवला.

"पायडल दगड होतं का? आणि थोड्या वेळानं आपसूक मऊ?"

"हो तात्या."

"बोनेट उघड."

त्यांनी आधी स्वतःच्या गाडीचं बोनेट उघडून टॉर्च मारली. बूस्टरकडे जाणारा काळा पाइप, त्यावर नळीदार प्लास्टिकचं आवरण, आणि पाइप धरणाऱ्या क्लिपवर हिरव्या रंगाचा हरभऱ्याएवढा ठिपका. "हा कंपनीनं बदलून दिलाय. फुकट. मला फोन आला होता, गाडी घेऊन या म्हणून. शोरूमवाल्यानं काम झाल्याची खूण म्हणून हा ठिपका लावला."

मग माझी गाडी. पाइपवर आवरण नव्हतं, ठिपकाही नव्हता. पाइप एका पत्र्याच्या ब्रॅकेटच्या कडेवरून वळत होता. वरून बघता पाइप धडधाकट. तात्यांनी माझं बोट धरून पाइपच्या खालच्या बाजूला नेलं. तिथं एक जागा चपटी आणि गुळगुळीत लागली, पायरी झिजते तशी. त्यांनी पाइप किंचित वाकवला आणि त्या गुळगुळीत जागी एक चीर उघडली, नखाएवढी. वाकवणं सोडलं की चीर मिटायची. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत ती मिटलेली असायची. भरल्या गाडीत, घाटात, इंजिन तापून एका अंगाला कललं की उघडायची. तीन महिने आम्ही ब्रेकच्या दोन्ही टोकांना शोधत होतो आणि दोष मधल्या हातभर पाइपात होता.

तिथंच ट्यूबची पट्टी कापून पाइपला घट्ट गुंडाळली. परतीला गाडी रिकामी आणि घाट चढायचा, म्हणून उजाडल्यावर निघायचं धाडस केलं. घरी पोचल्यावर मामांनी ४५० रुपयांचा साधा पाइप बसवला आणि ब्रॅकेटच्या कडेला रबर लावलं. पण कंपनीनं जो बदल केला होता तोच मला हवा होता. फुकट मिळतो म्हणून नाही. पाइप किती लांब हवा, कुठून न्यायचा, हे ज्यांनी गाडी बनवली त्यांनी तपासून ठरवलेलं असतं.

कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकून रिकॉल बघायची सोय आहे. आरसीवरून नंबर टाकला, उत्तर आलं की क्रमांक चुकीचा आहे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी पुतण्यानं नेटवर वाचून सांगितलं की चॅसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गफलत करतात. आरसीवरच्या बारीक छपाईत मी जे ओ वाचत होतो ते शून्य होतं. चॅसिसवर ठोकलेला नंबर ओल्या फडक्यानं पुसून, टॉर्च तिरपी धरून वाचला, दोन्ही जागी शून्य टाकलं. आता पान उघडलं. माझ्या गाडीवर एक रिकॉल बाकी होता.

हेल्पलाइनला फोन लावला. तिकडच्या मुलीनं गाडीचा नंबर घेतला आणि म्हणाली, "सर, नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तो सांगा." मोबाइल सिन्नरच्या मालकाचा. आरटीओच्या कागदावर आठ महिन्यांपासून मी मालक आणि कंपनीच्या वहीत अजून तेच मालक.

गाडीबरोबर आलेल्या सर्व्हिस बुकात त्यांचा फोन नंबर होता. संध्याकाळी फोन केला, ओळख सांगितली. गृहस्थ वयस्क, बोलायला शांत.

"काका, या गाडीबद्दल कंपनीचं काही पत्र आलं होतं का?"

थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "आलं होतं बाबा. इंग्रजीत होतं. गाडी मी तोवर विकली होती. सर्व्हिसची ऑफर असेल असं वाटलं. थांब, बघतो."

अर्ध्या तासानं व्हॉट्सॲपवर फोटो आला. डिसेंबर २०२२ चं पत्र. त्याच्या चार महिने आधी त्यांनी गाडी संगमनेरला दिलेली. पुतण्यानं वाचून मराठीत सांगितलं: काही गाड्यांमध्ये व्हॅक्यूम पाइप ब्रॅकेटला घासण्याची शक्यता आहे, तसं झाल्यास ब्रेक लावताना नेहमीपेक्षा जास्त जोर लागू शकतो, कृपया जवळच्या अधिकृत केंद्रात संपर्क साधावा. ते "नेहमीपेक्षा जास्त जोर" मी दोनदा वाचून घेतलं. माळशेजच्या वळणावर दोन्ही पाय पायडलवर ठेवून उभा राहिलो होतो, ते एवढ्या शब्दांत मावलं होतं. मी गाडी बघायला गेलो तेव्हा हे पत्र सिन्नरच्या एका कपाटात अकरा महिने पडून होतं, आणि चीर उघडली तेव्हा दीड वर्षाच्या वर झालं होतं.

काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. "ब्रेकनं काही झालं का रे?" मी घाटातलं सांगितलं. ते फार कळवळले. त्यांना दोष द्यावा असं मला वाटलं नाही. विकलेल्या गाडीचं, न समजणाऱ्या भाषेतलं पत्र आलं तर कुणीही बाजूला ठेवेल. असं पत्र मराठीत असावं, आणि पहिल्याच ओळीत ब्रेक हा शब्द ठळक असावा, एवढी अपेक्षा मात्र मी धरतो. डीलरलाही विचारलं. त्यांच्या हातात गाडी वर्षभर होती. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे असलं काही येत नाही.

काकांनी ओटीपी दिला तेव्हा कुठं हेल्पलाइननं रिकॉल बाकी असल्याचं मान्य केलं आणि वर्कशॉपला जायला सांगितलं. अधिकृत वर्कशॉपमध्ये काउंटरवरच्या साहेबांनी आरसी बघितली.

"तुम्ही पहिले मालक नाही. शिवाय बाहेर काम केलंय. बूस्टर आमचा नाही."

मी म्हणालो, "सर, रिकॉल मालकावर असतो का गाडीवर? चॅसिस नंबर टाकून बघा."

त्यांनी टाकला. पडद्यावर लाल रंगात ओळ आली. मग बोलणं बदललं, पण पाइपाचा संच शिल्लक नव्हता, बारा दिवस लागतील म्हणाले. ऐन तोड्यात बारा दिवस. मामांच्या पाइपावर, निम्मा माल भरून, घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरत ते दिवस काढले. रोज निघताना वहिनी पुतण्याला काही ना काही काम सांगून घरी ठेवायची. बोलून कुणी दाखवत नव्हतं.

बारा दिवसांनी काम एका तासात झालं. थोडा लांब पाइप, आवरण, नवी क्लिप, आणि कड वळवलेलं नवं ब्रॅकेट. त्यांनी काढलेलं जुनं ब्रॅकेट मी मागून घेऊन बघितलं. कड अंगठ्याला करवतीसारखी लागत होती, कापलेला पत्रा न वळवता तसाच सोडलेला. जॉब कार्डवर रक्कम शून्य आणि रिकॉलचा क्रमांक. तो क्रमांक त्यांनी आधी लिहिला नव्हता, मी मागून घेतला. उद्या ही गाडी विकली तर घेणाऱ्याला तो कागद देता येईल.

त्याच दिवशी साहेबांकडून गाडीचा जुना सर्व्हिस इतिहास काढून घेतला. जून २०२२ ला गाडी १ लाख ८ हजार किलोमीटर फिरलेली होती. मी दीड वर्षानं घेतली तेव्हा मीटर ७४ हजार दाखवत होतं. मामांचं पायडल खरं निघालं. खरा आकडा कळल्यावर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल लगेच बदललं, मागच्या चाकांचे बेअरिंग उघडून पाहिले. त्यातल्या एकाचा रंग बदललेला होता, तो बेअरिंग काढून टाकला. सौद्याच्या आधी शे-दोनशे रुपये आणि अर्धा दिवस खर्चून चॅसिस नंबर वर्कशॉपला नेला असता, तर मीटर आणि रिकॉल दोन्ही एका कागदावर दिसले असते.

कायद्याचं मी नंतर वाचलं. आपल्याकडे वाहन कंपन्यांच्या सियाम या संघटनेनं जुलै २०१२ मध्ये स्वेच्छेनं रिकॉल करायची पद्धत सुरू केली. कायद्यात मात्र तेव्हा काही नव्हतं. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं कलम ११०-अ आणलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. लोकांच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत मागवायला लावू शकतं आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड करू शकतं. गाडी सात वर्षांच्या आतली असावी लागते. माझी २०१९ ची, म्हणजे बसत होती. पण सगळं उभं आहे ते तक्रार नोंदवण्यावर. कडक पायडल किती जणांना लागलं असेल आणि त्यातल्या किती जणांनी मिस्त्रीला पैसे देऊन विषय मिटवला असेल? मीही तेच केलं होतं. आता सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर रीतसर तक्रार नोंदवली आहे, चीर पडलेल्या पाइपाच्या फोटोसकट.

खर्च झालेल्या पैशांसाठी कंपनीला पत्र लिहिलं. मामांच्या पावत्या जोडल्या. उत्तर आलं की बाहेर केलेल्या कामाची भरपाई देता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार दिली, ती कंपनीकडे गेली, उत्तर तेच आलं. ग्राहक आयोगात जायचं का यावर भावाशी दोन रात्री बोलणं झालं. पावत्या गावच्या गॅरेजच्या हातानं लिहिलेल्या, तारखेला जुन्नर-पुणे हेलपाटे, आणि रक्कम पंधरा हजारांची. नाही गेलो. हे मला अजून पटलेलं नाही. मामांनी बदललेला मास्टर सिलिंडर खराब नव्हता, तो आमच्या घरी फळीवर आहे. तो बदलायची वेळ ज्याच्यामुळे आली तो दोष कारखान्यातला, हे कंपनीनं स्वतःच पत्रात लिहून दिलेलं आहे.

एक गोष्ट मात्र पाठपुरावा करून करून घेतली. कंपनीच्या नोंदीत माझं नाव आणि मोबाइल. तीन ईमेल, आरसीची प्रत, आधारची प्रत. आरटीओत नाव बदललं की ते कंपनीकडेही जावं, निदान रिकॉल काढताना तरी कंपनीनं सरकारच्या त्याच 'वाहन' प्रणालीतून आजच्या मालकाचं नाव घ्यावं. पिकअपसारखी गाडी आयुष्यात दोन-तीन हात फिरते. सर्वात जास्त ओझं ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे वाहते, सर्वात जास्त घाट तिथंच उतरते, आणि पत्र जातं पहिल्याकडे.

जानेवारीत पुतण्या पुन्हा माझ्याबरोबर येऊ लागला. वहिनीनं स्वतः डबा बांधून दिला. माळशेजच्या त्या वळणावर त्यानं खिडकीतून गटारीकडे बघितलं, मी ब्रेक लावला, पायडल मऊ गेलं, आणि तो समोर बघायला लागला.

त्या खेपेला मार्केटमध्ये मुरबाडकडच्या एका मुलाची पिकअप शेजारी लागली. पिवळी पाटी, तीच कंपनी, गाडी तिसऱ्या हातची. मी विचारलं, पायडल कधी कडक होतं का. तो म्हणाला, "पावसात व्हायचं दादा, पण मिस्त्री म्हणाला लायनर." मी बोनेट उघडायला लावलं. पाइपवर आवरण नव्हतं.

पुतण्यानं त्याचा मोबाइल मागून कंपनीचं पान उघडलं. तो मुलगा चॅसिसपाशी वाकून टॉर्चच्या उजेडात एकेक अक्षर वाचायला लागला. अकराव्या अक्षराला अडला.

"इथं ओ आहे का शून्य, कळत नाही."

"ओ नसतोच," पुतण्या म्हणाला. "शून्य टाकतो. पुढचं सांग."